झाँ झोरेस : युद्धाच्या वाटेत उभा राहिलेला प्राध्यापक

इतिहासाच्या पेपरात पहिल्या महायुद्धाची कारणे हा प्रश्न हमखास येतो. गाईडमध्ये त्याचे उत्तर तयार असते. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, उग्र राष्ट्रवाद आणि शेवटी तात्कालिक कारण म्हणून साराजेव्हो येथील खून. एवढी पाच कारणे पाठ असली की गुण कोठे जात नाहीत. मीही ती पाठ केली आहेत. पण त्या उत्तराच्या शेवटी येणारा एक शब्द मला खटकत राहिला. युद्ध अटळ होते, असे गाईड म्हणते. मी कोरडवाहू भागातून आलो आहे. आमच्याकडे दुष्काळालाही अटळ म्हणतात, आणि पुष्कळदा त्याच्यामागे कोणी तरी वेळेवर न केलेले काम असते. म्हणून १९१४ साली हे युद्ध टाळण्यासाठी कोणी काही करीत होते की नाही, हे पाहावेसे वाटले. ग्रंथालयातील जाड इंग्रजी ग्रंथ शब्दकोश शेजारी ठेवून वाचताना झाँ झोरेस हा माणूस भेटला. आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला फार तर एक ओळ मिळते. त्याची हकिकत मित्रांना सांगावी म्हणून हा लेख.

झोरेसचा जन्म ३ सप्टेंबर १८५९ रोजी दक्षिण फ्रान्समधील तार्न प्रांतातील कास्त्र या गावी झाला. घराण्याचे नाव मोठे होते, नात्यात दोन आरमारी अधिकारी होते, पण त्याच्या वडिलांचे कोठेच बस्तान बसले नाही. लहानसहान व्यापार करून पाहिला, मग गावाबाहेरच्या बेताच्या शेतीवर संसार चालला. झाँ आणि त्याचा धाकटा भाऊ लुई त्या शेतावरून गावातल्या शाळेत जात. मुलगा हुशार होता. परंतु घरची परिस्थिती पाहून पोस्टात नोकरी धरावी, म्हणजे आईवडिलांजवळ राहता येईल, असा त्याचा बेत होता असे सांगतात. तेवढ्यात शाळातपासणीसाठी पॅरिसहून देल्तूर नावाचे इन्स्पेक्टर आले. त्यांनी या मुलाला हेरले आणि शिष्यवृत्ती मिळवून देऊन पॅरिसला नेले. १८७८ साली पॅरिसच्या एकोल नोर्माल या नामांकित संस्थेच्या प्रवेशपरीक्षेत तो पहिला आला. पुढे जगप्रसिद्ध झालेला तत्त्वज्ञ बर्गसाँ हा त्याच वर्गातला.

हा भाग वाचताना मी बराच वेळ थांबलो. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला जोडण्यासाठी ज्याने कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत, त्याला एका तपासनिसाची नजर किती मोलाची असते हे वेगळे सांगायला नको. देल्तूर त्या दिवशी दुसऱ्या गावी गेले असते तर कास्त्रच्या पोस्टात एक फार विद्वान पोस्टमास्तर झाला असता, एवढेच.

तत्त्वज्ञानाची पदवी घेऊन झोरेस पॅरिसला राहिला नाही. तो आपल्या मुलखात, आल्बी येथे शिक्षक झाला आणि नंतर तुलूजच्या विद्यापीठात शिकवू लागला. १८८५ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो लोकसभेवर निवडून गेला. तेथे तो मवाळ प्रजासत्ताकवादी म्हणून बसत असे. पुढच्या निवडणुकीत, १८८९ साली, तो पडला आणि मुकाट्याने पुन्हा वर्गावर आला. त्याचे राजकारण इथेच संपले असते. ते कार्मोच्या कोळशाच्या खाणीने संपू दिले नाही.

कार्मो हे तार्नमधलेच खाणीचे गाव. खाण मार्क्विस सोलाज या सरदारघराण्याची. हेच महाशय तेथून निवडून आलेले प्रतिनिधीही होते. १८९२ साली तेथील कामगारांनी आपल्यातल्याच कालव्हिन्याक नावाच्या खाणकामगाराला नगराध्यक्ष म्हणून निवडून दिले. नगरपालिकेच्या कामासाठी तो गैरहजर राहतो, हे निमित्त करून कंपनीने त्याला कामावरून काढून टाकले. मत देण्याचा हक्क आहे, पण निवडून आलेल्या माणसाने काम करायचे नाही, असा त्याचा अर्थ झाला. कामगारांनी संप केला. सरकारने सैन्य पाठवले. संप सुमारे अडीच महिने चालला आणि अखेर कालव्हिन्याकला कामावर परत घ्यावे लागले. तुलूजचा हा प्राध्यापक वर्तमानपत्रातून संपाची बाजू मांडत होता. मार्क्विसने राजीनामा दिला, पोटनिवडणूक झाली, आणि जानेवारी १८९३ मध्ये कार्मोने झोरेसला निवडून दिले. तेव्हापासून तो समाजवादी झाला तो कायमचा.

मधल्या वीस वर्षांची हकिकत मोठी आहे, ती मी थोडक्यात आटोपतो. ज्यू असलेल्या कॅप्टन ड्रायफसवर हेरगिरीचा खोटा आरोप ठेवून त्याला काळ्या पाण्यावर पाठवण्यात आले होते. या प्रकरणात झोरेसने १८९८ साली पुराव्यांची चिरफाड करणारी लेखमाला लिहिली. सरकारी कागद बनावट आहेत हे त्याने तर्काने दाखवून दिले. एका श्रीमंत लष्करी अधिकाऱ्याचे आपल्याला काय, असे म्हणणारे त्याच्याच पक्षात होते. त्याच साली तो निवडणूक हरला आणि १९०२ साली पुन्हा निवडून आला. १९०४ साली त्याने ल्युमानिते हे दैनिक काढले. त्याचा अर्थ मानवता. १९०५ साली फ्रान्समधले भांडणारे समाजवादी गट एकत्र आले, त्यात त्याचा हात मोठा होता. कपडे गबाळे, दाढी वाढलेली, आवाज मात्र सभागृह दणाणून सोडणारा. गावी आला की शेतकऱ्यांशी त्यांच्याच बोलीत बोलत असे. आपल्याकडे शहरात शिकून आलेला मुलगा आधी आपली बोली सोडतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नोंदवली.

याच दैनिकाचा महाराष्ट्राशी एक संबंध आला. ८ जुलै १९१० रोजी सावरकरांनी मार्सेलिस बंदरात बोटीतून उडी घेऊन फ्रान्सचा किनारा गाठला आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना पुन्हा इंग्रजांच्या हवाली केले. तेव्हा हे प्रकरण ल्युमानितेने उचलून धरले. मार्क्सचा नातू झाँ लाँगे याने त्यात पुढाकार घेतला. शेवटी फ्रान्स आणि इंग्लंडने वाद हेगच्या लवादापुढे नेला. राष्ट्रांनी आपली भांडणे लवादाकडे न्यावीत, हा तर झोरेसचा आवडता आग्रह. लवादाने फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल दिला. सावरकरांना हवाली करण्यात अनियमितपणा झाला हे मान्य केले, पण त्यांना परत करण्याचे बंधन इंग्लंडवर नाही असे ठरवले. लवादानेही न्याय मिळतोच असे नाही, हे आपल्याला येथे मान्य केले पाहिजे.

आता युद्धाकडे येतो. १८७०-७१ च्या युद्धात जर्मनीने फ्रान्सचा पराभव करून अल्सास आणि लोरेनचा मोठा भाग घेतला होता. तेव्हा झोरेस अकरा वर्षांचा होता. जर्मनीने १८७९ साली ऑस्ट्रियाशी तह केला, १८८२ साली त्यात इटली आली. एकाकी पडलेल्या फ्रान्सने १८९४ पर्यंत रशियाच्या झारशी मैत्रीचा तह पक्का केला. १९०४ साली फ्रान्स व इंग्लंड, १९०७ साली इंग्लंड व रशिया यांचा समझोता झाला. प्रत्येक तह संरक्षणासाठी होता, निदान तसे लिहिले होते. पण शेजाऱ्याने कुंपण घातले तरी आपली जमीन चोरायलाच घातले असे वाटू लागले, की बांधावरचे भांडण कोणत्याही दिवशी पेटते. १९०५ आणि १९११ साली मोरोक्कोवरून पेटता पेटता राहिले. १९०८ साली ऑस्ट्रियाने बोस्निया गिळला. १९१२ व १९१३ साली बाल्कनमध्ये दोन युद्धे झाली. दर वेळी युरोप वाचला, आणि दर वेळी मुत्सद्द्यांना वाटू लागले की शेवटच्या क्षणी कोणी तरी माघार घेतेच. मला वाटते, या सवयीने सर्वांत मोठा घात केला.

झोरेस हे सर्व पाहत होता. नोव्हेंबर १९१२ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे युरोपभरचे समाजवादी जमले, तेव्हा तेथील चर्चने आपले मोठे मंदिर सभेसाठी उघडून दिले. त्या सभेत तो युद्धाविरुद्ध बोलला. १९१३ साली जर्मनीने सैन्य वाढवले, म्हणून फ्रान्सने सक्तीची लष्करी नोकरी दोन वर्षांची तीन वर्षे केली. रशियाचा सैन्यवाढीचा कार्यक्रम १९१७ च्या सुमारास पुरा व्हायचा होता, म्हणून जर्मन सेनापतींना वाटे की युद्ध व्हायचेच असेल तर त्याआधी झालेले बरे. एकाची तयारी दुसऱ्याच्या भीतीचे कारण, आणि दुसऱ्याची भीती पहिल्याच्या तयारीचे. तीन वर्षांच्या कायद्याविरुद्ध २५ मे १९१३ रोजी पॅरिसजवळ प्रे-सँ-जेर्व्हे येथे प्रचंड सभा झाली. तरी ऑगस्टमध्ये कायदा झालाच.

काही लोक झोरेसला भाबडा शांतिवादी समजतात. ते खरे नाही. त्याने फ्रान्सच्या संरक्षणावर एक मोठा ग्रंथ लिहिला आहे, नवे सैन्य या नावाचा. कास्त्रच्या या तत्त्वज्ञाने सेनापतींच्या पुस्तकांचा अभ्यास केला होता. सर्व नागरिकांना शिक्षण देऊन राखीव सैन्यावर विश्वास ठेवावा, देशाचे रक्षण करावे, आक्रमणाच्या योजना आखू नयेत, असे त्याचे म्हणणे. फ्रेंच सेनापतींनी ते कागदी ठरवले. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मनांनी राखीव पलटणी पहिल्या फळीत आणल्या तेव्हा हेच सेनापती चकित झाले.

२८ जून १९१४ रोजी साराजेव्हो येथे ऑस्ट्रियाच्या युवराजाचा आणि त्याच्या पत्नीचा खून झाला. गोळी झाडणारा गाव्हरिलो प्रिन्सिप हा बोस्नियातील गरीब शेतकऱ्याचा मुलगा, शिकायला शहरात आलेला, वय १९. माझे वयही तेच आहे. त्याच्या कृत्याचे समर्थन माझ्याने होत नाही, पण त्याचे नाव नुसते तात्कालिक कारण म्हणून लिहिणेही आता मला जमत नाही.

पुढचे तीन आठवडे युरोप जणू विसरून गेला होता. जर्मन कैसर आपल्या जहाजातून नॉर्वेच्या सफरीवर गेला. फ्रान्सचे अध्यक्ष प्वँकारे आणि पंतप्रधान व्हिव्हियानी रशियाच्या भेटीला गेले. पॅरिसची वर्तमानपत्रे एका खटल्याने भरली होती. एका माजी पंतप्रधानाच्या पत्नीने फिगारोच्या संपादकाला गोळी घालून ठार मारले होते, त्याचा तो खटला. फ्रेंच पाहुणे २३ जुलैला रशियाहून निघणार तोच दिवस साधून ऑस्ट्रियाने सर्बियाला ४८ तासांचे निर्वाणीचे पत्र दिले. ज्यांनी निर्णय घ्यायचे ते फ्रान्सचे दोन्ही प्रमुख त्यानंतर समुद्रावर होते. ते पॅरिसला पोहोचले २९ जुलैला, आणि ऑस्ट्रियाने युद्ध पुकारले २८ ला.

येथून पुढची हकिकत दिवसांची राहत नाही, ती तासांची होते. रशियाच्या झारने सर्व सैन्य जमवण्याचा हुकूम दिला, रात्री तो मागे घेतला, आणि ३० तारखेला पुन्हा दिला. फक्त ऑस्ट्रियाच्या सीमेवरचे सैन्य जमवावे असे त्याच्या मनात होते. अधिकाऱ्यांनी सांगितले की तसे केले तर पुढे सगळे सैन्य हलवताना आगगाड्यांचा घोटाळा होईल. जर्मनीची योजना अशी, की फ्रान्सला सुमारे सहा आठवड्यांत हरवायचे आणि मग सावकाश जमणाऱ्या रशियावर वळायचे. म्हणजे रशियाने जमवाजमव सुरू केली की जर्मनीने पश्चिमेला फ्रान्सवर धावलेच पाहिजे. १ ऑगस्टला इंग्लंड व फ्रान्स तटस्थ राहतील अशी चुकीची आशा कैसरला क्षणभर वाटली. त्याने सेनापती मोल्टकेला सारे सैन्य पूर्वेकडे वळवायला सांगितले. मोल्टकेने नकार दिला. गाड्यांची वेळापत्रके वर्षभर बसून तयार केलेली होती आणि ती एका दिवसात बदलत नव्हती. एवढा मोठा सम्राट, आणि त्याला आपल्याच आगगाड्या थांबवता येईनात! शेकडो कारखाने, हजारो गाड्या, लाखो माणसे यांची ही यंत्रणा प्रत्येक देशाने स्वतःच्या रक्षणासाठी उभारली होती. ती सुरू करण्याची कळ होती, थांबवण्याची कोणी बसवलीच नव्हती.

आणि शांततेची यंत्रणा? ती पत्रे, तारा आणि बैठका यांवर चालत होती. २९ जुलैला ब्रुसेल्स येथे समाजवाद्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाची तातडीची बैठक भरली. झोरेस होता, जर्मनीचा हासे होता, रोझा लुक्झेंबुर्ग होती, इंग्लंडचा केर हार्डी होता. ऑगस्टअखेरीस व्हिएन्नात भरणारी परिषद अलीकडे ओढून पॅरिसला ९ ऑगस्ट रोजी घ्यायचे ठरले. रात्रीच्या जाहीर सभेत झोरेस बोलला. अकरा दिवसांनी सर्व देशांचे कामगारपुढारी पॅरिसला भेटणार होते. त्यांच्या मते ही मोठी घाई होती. दुसऱ्या दिवशी गाडीला अवकाश होता म्हणून तो ब्रुसेल्सच्या संग्रहालयात जुनी चित्रे पाहायला गेला. अजून वेळ आहे, असे त्याला मनापासून वाटत असले पाहिजे.

येथे मला त्याचे दोन दोष दिसतात. जर्मन समाजवादी पक्ष हा जर्मनीतला सर्वांत मोठा पक्ष होता, तो युद्धाला हात लावणार नाही असे झोरेसने गृहीत धरले. आणि आपले सरकार शांतताच इच्छिते, फक्त रशियाला आवरायला कमी पडते, असा त्याचा समज होता. व्हिव्हियानी हा त्याचा एके काळचा समाजवादी सहकारी, म्हणून कदाचित तसे वाटले असेल. माणसे जवळची असली की त्यांच्या खुर्च्यांची ओढ दिसत नाही.

३१ जुलैला, शुक्रवारी, जर्मनीत युद्धसंकटाची घोषणा झाली. संध्याकाळी झोरेस आपल्या सहकाऱ्यांना घेऊन परराष्ट्र खात्यात गेला. त्याच संध्याकाळी जर्मन राजदूत व्हिव्हियानीकडे आला होता. जर्मनी आणि रशिया यांच्या युद्धात फ्रान्स तटस्थ राहणार का, हे विचारायला. झोरेसची गाठ दुय्यम मंत्र्याशी झाली. इंग्लंडची मध्यस्थी रशियाने मानावी म्हणून फ्रान्सने जोर लावावा, एवढेच त्याचे मागणे होते. तेथून तो दैनिकाच्या कचेरीत आला. रात्री जागून उद्याच्या अंकासाठी मोठा लेख लिहायचा होता. त्याआधी चार घास खावेत म्हणून मंडळी जवळच्या क्रवासाँ नावाच्या उपाहारगृहात गेली. उकाड्याचे दिवस, खिडकी उघडी, तिला पडदा. झोरेस खिडकीकडे पाठ करून बसला होता. एकाने आपल्या लहान मुलीचा फोटो दाखवला, तो पाहायला तो वाकला. पडद्याआडून दोन गोळ्या आल्या. रात्रीचे पावणेदहा वाजायचे होते.

मारणारा राऊल व्हिलँ हा २८ वर्षांचा फ्रेंच तरुण होता. अल्सास-लोरेनच्या भक्त तरुणांच्या एका संघाचा सभासद. झोरेस जर्मनांना विकला गेला आहे, असे काही वृत्तपत्रे वर्षानुवर्षे छापत होती. त्याच्या मृत्यूची मागणी करणारे मजकूरही छापून येत होते. ते लिहिणाऱ्यांपैकी कोणी पिस्तूल हातात घेतले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी फ्रान्सभर सैन्यभरतीच्या हुकमाचे कागद भिंतींवर लागले. ३ ऑगस्टला जर्मनीने फ्रान्सविरुद्ध युद्ध पुकारले. ४ ऑगस्टला सकाळी झोरेसची अंत्ययात्रा निघाली. त्याच दिवशी जर्मन सैन्य बेल्जियममध्ये घुसले, जर्मन समाजवाद्यांनी आपल्या लोकसभेत युद्धखर्चाला मते दिली, आणि रात्री इंग्लंड युद्धात उतरले. इंग्लंड उतरले म्हणजे न विचारता हिंदुस्थानही उतरला. सप्टेंबरअखेरीस हिंदी शिपाई मार्सेलिसच्याच धक्क्यावर उतरले. मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या. पुणे डिव्हिजन कूत येथे वेढ्यात सापडले आणि एप्रिल १९१६ मध्ये शरण गेले. सातारा जिल्ह्यातील अपशिंगे गावाला त्या युद्धातल्या आपल्या मृतांची आठवण अजून आहे.

९ ऑगस्टची परिषद झाली नाही. त्या दिवशी येणाऱ्या प्रतिनिधींचे देश एकमेकांवर गोळ्या झाडत होते. आणखी काही दिवसांनी झोरेसचे दोन सहकारी युद्ध चालवणाऱ्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. झोरेस जिवंत असता तर त्याने काय केले असते, यावर विद्वानांत वाद आहे. देशावर आक्रमण झाल्यावर तोही रक्षणाच्या बाजूने उभा राहिला असता, असे बहुतेकांना वाटते, आणि त्याचा ग्रंथ पाहता ते पटते. पण पहिल्याच वर्षी लाखो माणसे मेल्यावर, कोठे तरी थांबा असे मोठ्या आवाजात विचारणारा एक माणूस सभागृहात असता. तो आवाज फ्रान्सला मिळाला नाही. युद्ध संपेपर्यंत फ्रान्सची तेरा लाखांवर माणसे मेली.

झोरेसचा एकुलता मुलगा लुई सैन्यात गेला होता. ३ जून १९१८ रोजी तो लढाईत मारला गेला. तोही १९ वर्षांचाच होता.

व्हिलँला युद्धभर तुरुंगात ठेवले होते. विजयानंतर मार्च १९१९ मध्ये खटला चालला. त्याने खून केला यात शंकाच नव्हती. तरी ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले, आणि खटल्याचा खर्च झोरेसच्या विधवेवर बसला.

१९२४ साली सरकार बदलले, तेव्हा झोरेसच्या अस्थी पॅरिसच्या पाँथिऑनमध्ये नेण्याचे ठरले. राष्ट्राचे थोर पुरुष तेथे विसावतात. २३ नोव्हेंबरच्या त्या मिरवणुकीसाठी कार्मोहून खाणकामगार आले होते. ते आपल्या कामाच्या कपड्यांत होते.